पहिला प्रवेश, दुसरा अर्ज

१८४७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा या छोट्या गावच्या वैद्यकीय महाविद्यालयापुढे प्रवेशाचा एक अर्ज विचारासाठी होता. अर्जदाराचे वय सव्वीस वर्षांचे होते. काही वर्षे शिक्षकी करून पैसे साठविलेले होते, शरीररचनाशास्त्राचा खासगी अभ्यास झालेला होता आणि फिलाडेल्फियातील एका मान्यवर डॉक्टरांचे शिफारसपत्र सोबत होते. त्या काळच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मानाने ही पात्रता अधिकच म्हणावयास हवी. तरीही प्राध्यापक मंडळाला निर्णय घेण्याचे धैर्य झाले नाही. कारण अर्जावर नाव होते एलिझाबेथ ब्लॅकवेल. वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीला प्रवेश देऊन तिला पदवी दिल्याचे उदाहरण त्या देशात त्यापूर्वी नव्हते.

अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणारी पहिली स्त्री म्हणून एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचे नाव सर्वपरिचित आहे. पहिलेपणाचा गौरव करण्याची आपल्याला सवय असते आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्यांचे चरित्र बारकाईने पाहिले, तर पहिल्या अर्जदाराला प्रवेश कसा मिळाला यापेक्षा दुसऱ्या अर्जदाराचे काय झाले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. त्यांच्या पुढील आयुष्याचा बराच भाग या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेला.

साखरेच्या कारखानदाराची मुलगी

एलिझाबेथ यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८२१ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. वडील सॅम्युएल ब्लॅकवेल यांचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. कारखान्यात येणारी कच्ची साखर गुलामांच्या श्रमातून पिकत असे आणि सॅम्युएल तर गुलामगिरीचे कडवे विरोधक. या विसंगतीची टोचणी त्यांना होती. उसाऐवजी बीटापासून साखर काढता येईल काय, याचे प्रयोगही त्यांनी आरंभिले होते. मुलींना मुलांच्या बरोबरीने शिकविण्याविषयी मात्र त्यांच्या मनात कधीच संदेह नव्हता. १८३२ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत आले. धंद्याचे बस्तान नीट बसले नाही, म्हणून १८३८ मध्ये ते सिनसिनाटी शहरी गेले आणि तेथे पोहोचल्यावर अल्पावधीतच सॅम्युएल यांचा मृत्यू झाला. मागे पत्नी, नऊ मुले आणि जवळजवळ रिकामी तिजोरी एवढेच उरले.

थोरल्या मुलींनी घरातच शाळा काढली आणि संसार सावरला. एलिझाबेथ यांच्या शिक्षकीचा आरंभ असा गरजेपोटी झाला. पुढे १८४४ मध्ये केंटकी राज्यातील हेंडरसन येथे त्यांनी नोकरी धरली. परंतु गुलामगिरीचे प्रत्यक्ष दर्शन त्यांना असह्य झाले आणि ती नोकरी त्यांनी लवकरच सोडली. शिकविण्यात त्यांचे मन फारसे रमत नव्हते. पण मध्यमवर्गीय अविवाहित स्त्रीला प्रतिष्ठेने पोट भरण्याचे दुसरे साधन त्या समाजात जवळपास नव्हतेच.

वैद्यकाची कल्पना त्यांच्या मनात बाहेरून आली. गर्भाशयाच्या विकाराने मृत्युपंथाला लागलेल्या एका परिचित स्त्रीने त्यांना सुचविले, की आपल्यावर उपचार करणारी स्त्री असती तर सर्वांत मोठ्या यातना तरी वाचल्या असत्या. एलिझाबेथ यांना ही सूचना प्रथम रुचली नाही. शरीर, रोग आणि त्यांच्याविषयीची पुस्तके यांचा त्यांना चक्क तिटकारा होता. परंतु सूचना मनातून जाईना. त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांना पत्रे लिहून सल्ला विचारला. उत्तरांचा सूर साधारण एकच होता. कल्पना चांगली आहे, पण अशक्य आहे. शिक्षण दीर्घ मुदतीचे व खर्चाचे आहे आणि स्त्रीला ते मिळण्याची सोय कोठेच नाही. या उत्तरांनी त्या खचल्या नाहीत. कल्पना चांगली असेल, तर ती पार पाडण्याचा मार्गही असलाच पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

शुल्क घेणारे, पण प्रवेश न देणारे

त्या काळच्या अमेरिकन वैद्यकीय शिक्षणाची आर्थिक घडी येथे समजून घेतली पाहिजे. अनेक महाविद्यालये ही वस्तुतः प्राध्यापकांची खासगी उद्योगसंस्थाच होती. विद्यार्थी प्रत्येक विषयाच्या व्याख्यानमालेचे तिकीट विकत घेई आणि तो पैसा त्या त्या प्राध्यापकाच्या खिशात जाई. साहजिकच विद्यार्थी जितके अधिक तितके उत्पन्न अधिक. प्रवेशाची अट नावापुरती असे. सुमारे सोळा आठवड्यांची दोन सत्रे, त्यांतील दुसरे सत्र बहुधा पहिल्याचीच पुनरावृत्ती, आणि एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली केलेली उमेदवारी, एवढ्या भांडवलावर पदवी मिळत असे.

जेथे शुल्क भरू शकणाऱ्या जवळपास कोणत्याही तरुणाला दार उघडे होते, तेथे शुल्क हाती घेऊन उभ्या असलेल्या एका सुविद्य शिक्षिकेला ते बंद असावे, हे बाजाराच्या नियमांना धरून नव्हते. याचे कारण शोधावयाचे तर बाजाराच्या दुसऱ्या बाजूकडे पाहावे लागते. स्त्रीचा कोमल स्वभाव, शवविच्छेदनाच्या खोलीतील संकोच, समाजातील सभ्यता ही कारणे उघडपणे सांगितली जात. परंतु स्त्रिया डॉक्टर झाल्या तर प्रसूती आणि स्त्रीरोग यांचा किफायतशीर व्यवसाय त्यांच्याकडे वळेल, ही धास्ती काही प्राध्यापकांनी एलिझाबेथ यांच्याजवळ जवळजवळ स्पष्ट शब्दांत बोलून दाखविली. आपलेच डोके फोडण्यासाठी आपणच काठी का पुरवावी, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. नैतिकतेच्या भाषेत मांडलेल्या मनाईखाली व्यवसायाची मक्तेदारी दडलेली असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

एलिझाबेथ यांनी प्रथम पैशाची तरतूद केली. १८४५ मध्ये त्या उत्तर कॅरोलायनातील अ‍ॅशव्हिल येथे शिक्षिका म्हणून गेल्या. तेथील शाळेचे चालक जॉन डिक्सन हे पूर्वी डॉक्टर असलेले धर्मोपदेशक. त्यांच्या संग्रही वैद्यकाची पुस्तके होती. पुढे चार्ल्स्टन येथे त्यांचे बंधू डॉ. सॅम्युएल हेन्री डिक्सन यांच्या घरी राहून एलिझाबेथ दिवसा मुलींना संगीत शिकवीत आणि उरलेला वेळ वैद्यकाच्या ग्रंथांना देत. अशा रीतीने जमविलेली पुंजी घेऊन १८४७ च्या मे महिन्यात त्या फिलाडेल्फियात दाखल झाल्या. हे शहर म्हणजे तेव्हा अमेरिकन वैद्यकाचे माहेरघर होते.

तेथील एकेका प्राध्यापकाची त्यांनी भेट घेतली. काहींनी सहानुभूती दाखविली, काहींनी हसण्यावारी नेले. प्रवेश कोणीच दिला नाही. न्यूयॉर्क शहरातूनही नकारच आला. पॅरिसला जावे, आणि तेथेही पुरुषाचा वेष करून व्याख्यानांना बसावे, असा सल्ला हितचिंतकांनी दिला. हा सल्ला त्यांनी मानला नाही. वेषांतर करून शिकता आले असते, पण त्याने स्त्रीचा शिकण्याचा हक्क सिद्ध झाला नसता. जे करावयाचे ते उघडपणे आणि स्वतःच्या नावाने, हा त्यांचा आग्रह होता. मोठ्या शहरांचा नाद सोडून त्यांनी आडगावच्या बारा महाविद्यालयांची यादी केली आणि सर्वांकडे अर्ज पाठविले. क्वेकर पंथाचे डॉ. जोसेफ वॉरिंग्टन यांनी त्यांच्यासाठी जिनिव्हाला शिफारस केली होती.

थट्टेतून मिळालेला होकार

जिनिव्हाच्या प्राध्यापकांना स्त्रीला प्रवेश द्यावयाचा नव्हता. पण वॉरिंग्टन यांच्यासारख्या प्रतिष्ठित माणसाला नकार कळविण्याचा वाईटपणाही नको होता. त्यांनी युक्ती काढली. अधिष्ठाते चार्ल्स ली यांनी अर्ज विद्यार्थ्यांपुढे ठेवला आणि एकानेही विरोध केला तरी प्रवेश नाकारला जाईल असे सांगितले. सुमारे दीडशे तरुणांच्या वर्गात एक तरी विरोधी मत निघेल, अशी त्यांची खात्री होती. विद्यार्थ्यांना मात्र हा सारा प्रकार प्रतिस्पर्धी महाविद्यालयाने केलेली थट्टा वाटला. त्यांनी मोठ्या गलक्यात सभा भरविली, भाषणे ठोकली आणि ठराव एकमताने संमत केला. विरोधाचा एक क्षीण स्वर उमटला, तो सोबत्यांनी जागीच दाबून टाकला. २० ऑक्टोबर १८४७ च्या पत्राने हा होकार फिलाडेल्फियाला कळविण्यात आला.

नोव्हेंबरमध्ये एक लहान चणीची, साध्या पोशाखातील तरुणी खरोखरच वर्गात येऊन बसली, तेव्हा थट्टा संपली. वर्गात नेहमी चालणारा गोंधळ तिच्या उपस्थितीत शांत झाला, असे तिच्या सहाध्यायांनी पुढे नमूद केले आहे. गावातील स्त्रियांनी मात्र ही बाई एक तर वेडी असावी किंवा वाईट चालीची, असा तर्क करून तिच्याशी बोलणेही टाळले. जननेंद्रियांच्या रचनेवरील व्याख्यान आले तेव्हा प्राध्यापक जेम्स वेबस्टर यांनी तिने वर्गाबाहेर राहावे असे सुचविले. तिने शांतपणे पत्र लिहून आपली भूमिका मांडली: विद्यार्थ्याने शरीराकडे विद्यार्थ्याच्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. वेबस्टर यांनी ते पत्र वर्गात वाचून दाखविले, विद्यार्थ्यांनी त्याचे स्वागत केले आणि ती वर्गात बसली.

दोन सत्रांमधील उन्हाळा एलिझाबेथ यांनी फिलाडेल्फियाच्या ब्लॉकली या अनाथ-अपंगांच्या सरकारी रुग्णालयात काढला. आयर्लंडमधील दुष्काळातून जहाजे भरभरून आलेल्या निर्वासितांमध्ये टायफस ज्वराची साथ होती. त्याच रोगावर त्यांनी आपला प्रबंध लिहिला आणि त्यात औषधांइतकाच भर स्वच्छता, हवा व राहणीवर दिला. २३ जानेवारी १८४९ रोजी त्यांना पदवी मिळाली. वर्गात त्यांचा क्रमांक पहिला होता. ज्या गावाने त्यांना वाळीत टाकले होते, त्याच गावच्या स्त्रिया पदवीदान समारंभाला गर्दी करून आल्या होत्या.

अधिष्ठाते ली यांनी भाषणात त्यांची स्तुती केली. परंतु तेच भाषण पुढे छापून प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला ली यांनी एक टीप जोडली. ही एक व्यक्ती अपवादात्मक असली तरी स्त्रियांना सरसकट वैद्यकीय प्रवेश देणे गैरसोयीचे होईल, असा तिचा आशय होता. समारंभातील टाळ्यांपेक्षा ही तळटीपच वस्तुस्थितीच्या अधिक जवळ होती. काही वर्षांनी एलिझाबेथ यांची धाकटी बहीण एमिली हिने याच महाविद्यालयाकडे अर्ज केला. बहीण त्याच वर्गात पहिली आलेली असूनही एमिलीला प्रवेश नाकारण्यात आला. शिकागोच्या रश महाविद्यालयाने तिला घेतले, पण एका वर्षानंतर तेथील दारही बंद झाले. शेवटी क्लीव्हलंड येथे १८५४ मध्ये तिला पदवी मिळाली. मेहरबानीने मिळालेला प्रवेश पुढच्याला वारशाने मिळत नाही, हा धडा ब्लॅकवेल भगिनींना असा घरातच मिळाला.

पुन्हा पुन्हा मिटणारे दार

पदवीनंतर एलिझाबेथ पॅरिसला गेल्या. डॉक्टर म्हणून त्यांना कोठेही प्रवेश मिळाला नाही. ला मातेर्निते या प्रसूतिगृहात सुईणीच्या विद्यार्थिनींसोबत राहणे त्यांनी पत्करले. ४ नोव्हेंबर १८४९ रोजी तेथे एका तान्ह्या मुलाचे डोळे धुताना दूषित पाणी त्यांच्या डोळ्यात उडाले. त्या संसर्गात एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली आणि शस्त्रवैद्य होण्याची आकांक्षा संपली. तरीही लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट यांच्या हाताखाली त्यांनी अनुभव घेतला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी त्यांचा स्नेह याच काळात जुळला.

१८५१ मध्ये त्या न्यूयॉर्कला परतल्या. डॉक्टर स्त्रीची पाटी लावावयास घरमालक तयार नव्हते आणि रुग्णही फिरकत नव्हते. अखेर कर्ज काढून त्यांनी स्वतःचे घर घेतले, गरीब वस्तीत एक छोटा दवाखाना उघडला आणि १२ मे १८५७ रोजी एमिली व डॉ. मारी झाक्रझेव्स्का यांच्या साहाय्याने गरीब स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय सुरू केले. यामागे सेवाभाव होता तसा हिशेबही होता. पदवी मिळविलेल्या स्त्रियांना कोणतेही रुग्णालय अनुभव घेऊ देत नव्हते आणि अनुभवाविना पदवी हा निव्वळ कागद होता. ही उणीव भरून काढण्याची सोय या रुग्णालयाने केली.

इंग्लंडमध्येही हाच खेळ निराळ्या रीतीने झाला. १८५८ च्या वैद्यकीय कायद्यात, पूर्वीपासून तेथे व्यवसाय केलेल्या परदेशी पदवीधरांची नोंद करण्याची तरतूद होती. तिचा आधार घेऊन एलिझाबेथ यांचे नाव १ जानेवारी १८५९ रोजी ब्रिटिश नोंदणीपुस्तकात चढले. पण परदेशी पदवी घेऊन नव्याने येणाऱ्यांना ही वाट मोकळी नव्हती. त्यांच्या व्याख्यानांनी प्रेरित झालेल्या एलिझाबेथ गॅरेट यांनी औषधविक्रेत्यांच्या संस्थेच्या नियमातील पळवाट शोधून १८६५ मध्ये परवाना मिळविला. त्यानंतर संस्थेने नियमच बदलला. सोफिया जेक्स-ब्लेक यांनी न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल रुग्णालयात शिक्षणाचा आरंभ केला होता. १८६९ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांना एडिंबरो विद्यापीठाने प्रवेश दिला. पण १८७३ मध्ये न्यायालयाने असा प्रवेश देण्याचा विद्यापीठाला अधिकारच नव्हता असा निर्णय दिला. दार उघडावे, एकीने आत जावे आणि मागोमाग ते मिटावे, असा हा क्रमच होऊन बसला होता.

मेहरबानीकडून नियमाकडे

स्त्रियांसाठी वेगळे महाविद्यालय असावे, हे एलिझाबेथ यांना मुळात मान्य नव्हते. वेगळे म्हणजे दुय्यम, अशी त्यांची भीती होती. चांगल्या महाविद्यालयांनीच स्त्रियांना घ्यावे, असे त्यांचे मत होते. परंतु वीस वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी हा आग्रह सोडला. १८६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयाला जोडून त्यांनी महाविद्यालय काढले, तेव्हा त्यांचे नियम मात्र लक्षणीय होते. प्रवेशपरीक्षा ठेवली, अभ्यासक्रम तीन वर्षांचा व क्रमवार केला, आरोग्यशास्त्राचे अध्यासन निर्माण करून ते स्वतःकडे घेतले आणि अंतिम परीक्षेसाठी बाहेरचे परीक्षक नेमले. पुरुषांच्या अनेक महाविद्यालयांत एवढी शिस्त नव्हती. आपल्या विद्यार्थिनींच्या पदवीला कोणी सवलतीची पदवी म्हणू नये, ही त्यामागील दृष्टी होती.

१८६९ मध्ये संस्थेचा भार एमिलीवर सोपवून त्या इंग्लंडला गेल्या. १८७४ मध्ये जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले, त्यात त्यांचा सहभाग होता. तेथे त्यांनी स्त्रीरोगशास्त्राचे अध्यापनही केले. १८७६ च्या कायद्याने परीक्षा घेणाऱ्या संस्थांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि १८७७ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयाने विद्यार्थिनींना रुग्णकक्ष खुले केले. शिक्षण, रुग्णालयातील अनुभव आणि परीक्षा या तिन्ही कड्या जुळल्या, तेव्हा कोठे साखळी पुरी झाली.

या साखळीचे एक टोक महाराष्ट्रापर्यंत पोहोचते. एडिंबरोत शिकू पाहणाऱ्या त्या स्त्रियांपैकी एडिथ पीची १८८३ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. बालपणी लादलेला विवाह नाकारून न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंना त्यांनी पाठबळ दिले. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या त्याच विद्यालयात दाखल झाल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्यांच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्यांचे मतदान घ्यावे लागले नाही. साता समुद्रांपलीकडच्या वसाहतीतून आलेल्या स्त्रीला प्रवेशाची सरळ वाट उपलब्ध होती. जिनिव्हाच्या त्या थट्टेपासून येथवर येण्यास बेचाळीस वर्षे लागली.

एलिझाबेथ ब्लॅकवेल यांच्या मतांतील दोष झाकण्याचे कारण नाही. देवीची लस टोचण्याला त्यांचा विरोध होता, जंतुशास्त्राच्या नव्या सिद्धान्तांवर त्यांचा विश्वास बसला नाही आणि रोगाचे मूळ त्या नैतिक आचरणात शोधीत. काळाने त्यांना या बाबतीत चुकीचे ठरविले. परंतु त्यांनी उभारलेल्या संस्था त्यांच्या वैयक्तिक मतांवर अवलंबून नव्हत्या, हेच त्या संस्थांचे बळ होते. १८९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश मिळू लागल्यावर एमिलीने न्यूयॉर्कचे महाविद्यालय बंद केले. आपली गरज संपली, असे मानून दार लावून घेणाऱ्या संस्था विरळाच. ३१ मे १९१० रोजी इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे एलिझाबेथ यांचे निधन झाले. देह त्यांच्या आवडत्या स्कॉटलंडमधील किल्मन येथे विसावला.

आज भारतात वैद्यकीय प्रवेश देशव्यापी परीक्षेतील गुणांवर ठरतो आणि वर्गातील मुलींची उपस्थिती कोणाला नवलाची वाटत नाही. मेहरबानीची जागा नियमाने घेतली, ही प्रगती लहान नव्हे. परंतु नियम कागदावर सर्वांना सारखा असला, तरी त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा खर्च सर्वांना सारखा नसतो. एलिझाबेथ यांना अर्ज करण्यापूर्वी दोन वर्षे परगावी शिकवण्या करून पैसा जमवावा लागला होता. आज खेड्यातील हुशार मुलाच्या वा मुलीच्या पालकांना शिकवणी वर्गांचे आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क पाहून तोच हिशेब मांडावा लागतो. एखाद्या शेतमजुराची मुलगी डॉक्टर झाली की वृत्तपत्रे तिचे छायाचित्र छापतात, सत्कार होतात, आणि ते योग्यच आहे. मात्र व्यवस्थेची परीक्षा त्या सत्कारात होत नाही. त्याच गावातून, त्याच परिस्थितीतून पुढच्या वर्षी जो दुसरा अर्ज जाईल, त्याची वाट पहिल्यापेक्षा सोपी झाली आहे काय, हे पाहावे लागते. जिनिव्हाच्या महाविद्यालयाने पहिल्या अर्जाला होकार देऊन इतिहासात स्थान मिळविले. दुसरा अर्ज, तोही सख्ख्या बहिणीचा, त्याने परत पाठविला, ही नोंदही त्या होकाराशेजारीच ठेवली पाहिजे.